दहा बोरे खाली

प्रेरणा : धानाचे चाळीस किलोचे कट्टे अठ्ठावन्न. मोठे बोरे सत्तावीस. बाबा, दोन्हीले एकच नग म्हणून नका मोजू.

मनिराम : काऊन नाई? पंच्याऐंशी नग झाले. चाळीसानं गुणलं त चौतीसशे किलो. ट्रॉलीत छत्तीसशे चालते, तूनंच सांगतलं.

प्रेरणा : कट्टे सरले तवा मायनं बाकीचे धान जुन्या बोऱ्यांत दाबून भरले. काल मी सत्तावीसही बोरे तोलले. एकेक बहात्तर भरते. सारं मिळून बेचाळीसशे चौसष्ट होते.

जागेश्वर : मनिरामभाऊ, पोरीले बीएस्सी कायले केलं? सहाशे किलोनं ट्रॅक्टर मरते का? माहा त पाच हजार ओढते, हूं नाई करत.

प्रेरणा : ओढते, जागेश्वरकाका. थांबवते का? ब्रेक ट्रॅक्टरले आहेत, ट्रॉलीले नाईत. टेकडीच्या उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरले ढकलत नेते. मागच्या साली तुमी सरळ धानाच्या बांधीत उतरले, ते काय हवा खायले?

जागेश्वर : त्या दिवशी रस्ता ओला होता.

मनिराम : अन् तू कोरडा होता! बरं बाई, किती काढाचे?

प्रेरणा : दहा बोरे. ट्रॉलीच्या पाटीवर तिचं वजन धरून पाच टन लिहिले आहेत. रिकामी ट्रॉलीच तेराशे ऐंशी आहे. अन् आज ट्रॅक्टर मी नेईन.

जागेश्वर : दहा बोऱ्यांसाठी उद्या दुसरी फेरी! गाव हसंल.

मनिराम : हसू दे. पण बाई, मिलच्या काट्यावर सारा गाव उभा राहते. पाच टनाच्या वर निघालं त याच्यापुढं भरणं अन् हाकणं मीच पाहीन. मंजूर?

प्रेरणा : मंजूर. खाली निघालं त हंगामभर स्टेअरिंग माहं.

मनिराम : दिलं. चाल, चढ.

(कोहमाऱ्याच्या राईस मिलचा वजनकाटा. टेकडी उतरून आलेली ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवून एकटीच काट्यावर उभी आहे.)

जागेश्वर : उतारावर पोरीनं ब्रेकच नाई मारला, भाऊ. माहा जीव मुठीत होता.

प्रेरणा : वरूनच दुसऱ्या गिअरात घेतली होती, काका. इंजिनच धरून ठेवते.

जागेश्वर : हे कालेजात शिकवते?

मनिराम : हे मी शिकवलं! हिशेब तिनं कालेजातून आणला. ओ भाऊ लोक, सरका जरासे. माही पोरगी आहे, टेकडीवरून ट्रॉली तिनंच आणली.

जागेश्वर : लय ओरडू नोको. पाच टनाच्या वर गेलं त याच लोकांपुढून जाचं आहे.

मनिराम : सांग बाई. काटा बोलाच्या आधी तूच बोल.

प्रेरणा : चार हजार नऊशे चोवीस. दहा किलो इकडं नाईतर तिकडं.

मनिराम : जागेश्वर, तू वाच. मी वाचलं त म्हणशील, बाप आहे.

जागेश्वर : थांब, आकडा हालून राहिला... आता थांबला. चार हजार नऊशे तीस.