शहाण्णव अंश

धाकटा : शहाण्णव! बघ आई, सरावाचा डाव सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत आणि वहिनींच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर शहाण्णव अंशांवर! हे घरी जोडलेलं मशिन आहे की पाणी तापवायचा बंब?

सून : भावजी, चहा संपला असेल तर कप आत नेऊन ठेवा.

सासूबाई : बोलू दे त्याला. दिवसभर दुकानात तयार मशिनांचे गोडवे गाऊन त्याचं तोंड आंबलेलं असतं. इथे तरी मोकळं होऊ दे. तू मला सांग, शहाण्णव म्हणजे नेमकं किती वाईट?

सून : शंभरला बंदच पडतं, आई. त्याच्या अलीकडे प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग चित्र अडखळतं. समोरची मला मारून निघूनही जाते आणि मी अजून भिंतीआड वळतेच आहे.

धाकटा : आणि चार वाजता ऑनलाइन निवडीचा सामना. सांगा ना आईला, कर्णधार काय म्हणाल्या ते.

सून : सांगायला लाजतेय थोडीच! दोन सामन्यांत मशिन मधेच बंद पडलं. आज पडलं तर संघातली माझी जागा दुसरीला.

धाकटा : आणि माझं दादाशी ठरलंय. आज बंद पडलं की हा डबा माझ्या दुकानात जाणार, सुट्या भागांच्या भावात. वहिनींना मी तयार मशिन देतो. न कटकट, न खटपट.

सासूबाई : ठरलंय? कोणाकोणाचं?

धाकटा : माझं आणि दादाचं. फोनवर.

सासूबाई : हिनं जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून हे भाग मांडले, त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहून विचारून गेली होती. मी 'हो' म्हटलं होतं. माझ्या तोंडून गेलेला होकार तुम्ही दोघे भाऊ परस्पर फोनवर फिरवणार? या घरातून माझ्या शब्दाशिवाय आजवर चमचासुद्धा बाहेर गेलेला नाही.

धाकटा : अगं, पण ते तापतंय, त्याला तुझा होकार काय करणार?

सासूबाई : माझा होकार चुकीच्या वस्तूला जात नाही. सूनबाई, काय काय करून पाहिलंस?

सून : सगळं. खेळातलं चित्र अगदी साधं करून टाकलं. पंखे पूर्ण वेगावर आहेत. खोक्याची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. काल आतली धूळसुद्धा काढली.

सासूबाई : धूळ? माझ्या घरात?

सून : चिमूटभर, आई.

सासूबाई : चिमूटभर का होईना, मला आधी सांगायची.

धाकटा : मी सांगतो ना, भागच कमअस्सल आहेत.

सून : एकेक भाग चार महिने वाचून, पारखून घेतलाय. तुमच्या दुकानातल्या मशिनाच्या पोटात काय आहे ते तुम्हाला तरी माहीत आहे का?

धाकटा : गिऱ्हाईक पोट बघत नाही, वहिनी. दिवे बघतं.

सासूबाई : मला पोट दाखव. हा भलामोठा ठोकळा कसला?

सून : तो कूलर. प्रोसेसर त्याच्या खाली आहे. त्याची उष्णता हा वर ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. आई, हात नका लावू, भाजेल!

सासूबाई : भाजून घ्यायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

सून : निदान पंख्यात तरी बोट घालू नका. कडेनं... हळू.

सासूबाई : हा तर गार आहे.

सून : काय?

सासूबाई : गार. या फरशीसारखा. खाली गॅस पेटलेला असेल तर वरचं पातेलं गार कसं राहील? मधे काय ठेवलं आहेस?

सून : मधे फक्त उष्णता वर पोचवणारी पेस्ट... गार आहे? नक्की?

सासूबाई : मी एक गोष्ट दोनदा सांगत नाही.

सून : अरे देवा. भावजी, तो स्क्रू ड्रायव्हर द्या. लवकर! मशिन बंद करतेय.

धाकटा : आत्ता? सामन्याला अर्धा तास उरलाय! आत्ता उघडलंत तर संपलंच.

सासूबाई : दे तिला. आणि तोंड मिटून दे.

(कूलर उचलला जातो. त्याच्या तळाला पेस्टनं माखलेलं पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं आहे.)

धाकटा : अगं आई गं! प्लास्टिक! 'बसवण्याआधी काढा' म्हणून छापलंय त्यावर! हे दुकानात सांगितलं तर लोक खुर्चीवरून पडतील.

सासूबाई : हसणं पुरे. सूनबाई, हे राहिलं कसं?

सून : मला दिसलंच नाही.

सासूबाई : चार महिने वाचलंस आणि डोळ्यांसमोरचं दिसलं नाही?

सून : नाही दिसलं. रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या मुठीला प्लास्टिक, तुम्ही बसता त्या सोफ्याला प्लास्टिक. सात वर्षं झाली मला या घरात येऊन. आता मला प्लास्टिक दिसेनासंच झालंय, आई. ती वस्तूची कातडीच वाटते.

सासूबाई : म्हणजे दोष माझा.

सून : हात माझे होते. सवय या घरची.

धाकटा : वहिनी, आईशी बोलताना जरा...

सासूबाई : तू मधे पडू नकोस. माझ्या या शिस्तीमुळे घरातली एकही वस्तू वेळेआधी बाद झालेली नाही, हे विसरू नकोस, सूनबाई.

सून : आणि एकही धड वापरली गेलेली नाही. रागवा हवं तर. आज मी गप्प बसणार नाही.

सासूबाई : रागवायला संध्याकाळ मोकळी आहे. पेस्ट उरली आहे का?

सून : अर्धी नळी आहे.

सासूबाई : पुसायला काय लागेल?

सून : मऊ कापड. आणि स्पिरिट मिळालं तर...

सासूबाई : माझ्या इंजेक्शनांच्या डब्यात आहे. धाकट्या, ऊठ. आणि कपाटातून चष्मा पुसायचं कापड आण. नवं आण.

धाकटा : मी? मी तर या मशिनच्या विरुद्ध आहे!

सासूबाई : विरुद्ध राहूनच आण.

सून : हं, निघाली जुनी पेस्ट. आता नवी... बस्स, एवढी.

सासूबाई : एवढीशी? वाटाण्याएवढी? लावताना हात का आखडतेस?

सून : जास्त झाली तर बाहेर ओघळते, आई.

सासूबाई : असेल. तुझ्या खात्यात मी बोलणार नाही.

सून : झालं. स्क्रू घट्ट. सुरू होतंय... लागलं! कर्णधार बोलावताहेत मला. आई, मी हेडफोन घालते. तो कोपऱ्यातला आकडा वाचाल? ऐंशीच्या वर गेला तर माझ्या खांद्याला हात लावा.

सासूबाई : जा, खेळ. आकड्याकडे मी बघते. एक्कावन्न. अठ्ठावन्न.

धाकटा : सामना तापायचाय अजून.

सासूबाई : बासष्ट. चौसष्ट. पुन्हा चौसष्ट. थांबलं तिथेच. धाकट्या, दादाला फोन लाव आणि सांग, तुमचं ठरलेलं आईनं मोडलं.

धाकटा : सामना तरी संपू दे!

सासूबाई : आत्ता.

सून : घेतली! पहिली फेरी घेतली! (एका कानावरचा हेडफोन सरकवून) आई, जरा हलू नका ना. सोफा वाजतोय. मैत्रिणी विचारताहेत, तुझ्याकडे कोण मघापासून पिशव्या चुरगाळतंय?

सासूबाई : माझ्याच घरात मी दगडासारखी बसू?

सून : मग इथून उठा.

सासूबाई : मी उठणार नाही. धाकट्या, कात्री आण.

धाकटा : सोफ्याचं काढतेस? बाबांनी नुसता कोपरा उचलला तरी घर डोक्यावर घ्यायचीस!

सासूबाई : तेव्हा घरात कोणी सामना खेळत नव्हतं. शिवणीच्या कडेनं काप. कापडाला टोक लागलं तर माझ्याशी गाठ आहे. आणि घडी करून ठेव, फेकायचं नाही.

धाकटा : आई, हा हिरवा आहे? मी इतकी वर्षं करडा समजत होतो.

सासूबाई : पोपटी. यांनी निवडला होता. दुकानात एकदा हात फिरवून बघितला होता त्यांनी. तेवढाच.

सून : आई, आकडा?

सासूबाई : चौसष्ट. तू समोर बघून खेळ.