वाळू नसलेला किनारा

मान्सा : तो दगड खाली ठेव आधी. त्या घासण्याचा आवाज डोक्यात जातोय माझ्या.

क्वामिना : कोयत्याला धार नको?

मान्सा : कशाला हवी? आत पोरगं मरून पडलंय तुझं. त्याचं तोंड पुसायचं सोडून अंगणात बसून कोयता कसला घासतोस?

क्वामिना : तोंड तू पूस. मला वरच्या आळीतलं एक डोकं हवंय. कुणाचं का असेना.

मान्सा : मी वरच्या आळीचीच आहे. माझंच घे. लांब जायला नको.

क्वामिना : मान्सा, आज माझ्या वाटेला जाऊ नको.

मान्सा : का नको? माझा बाप लाल दलाचा, म्हणून मी लाल दलाची. तू निळ्याचा, म्हणून फीफी निळ्याचा. लग्न केलंस तेव्हा ठाऊक नव्हतं? दोन्ही दलांची जुंपली की मी चूल विझवून माहेरी जायचे, तुमची डोकी फुटून झाली की परत येऊन हळद लावायचे. जन्म गेला त्यात. पण मेलं नव्हतं कुणी.

क्वामिना : तेव्हा वाळू होती.

मान्सा : हो. वाळू होती.

क्वामिना : गडी पडला, अंगाला वाळू लागली, की संपलं. मग त्याला बोट लावायचं नाही. आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेलं. अगं, मी कितीदा मुद्दाम पडलोय! दोन तडाखे खाल्ले की लोळण घ्यायची वाळूत. वर तोंड करून शिव्या द्यायच्या, समोरचा दात-ओठ खात बघत राहायचा. आता लोळायचं कुठे? त्या जिल्ह्याच्या साहेबाने किनाऱ्यावर फरश्या घातल्या, गुळगुळीत, धुतलेल्या. होड्या ओढायला जागा नाही, मासळी वाळत घालायला जागा नाही. फोटो काढायला मात्र आहे!

मान्सा : मला आवडला होता तो किनारा. खोटं कशाला बोलू? दिवसभर भट्टीच्या धुरात मासे भाजायचे आणि संध्याकाळी त्या बाकावर जाऊन बसायचं, गुडघ्यांना काय बरं वाटायचं. फीफी तर हलायचाच नाही तिथून. दिव्याखाली नाचायची पोरं, लाल काय नि निळी काय, सगळी एकत्र.

क्वामिना : आणि मग साहेबाच्या त्या रंगाऱ्याने तिथला अख्खा कठडा लाल केला. आमच्या आळीपुढचासुद्धा! आमच्या होड्या, आणि त्यांच्या तोंडापुढे लाल!

मान्सा : परगावचा माणूस तो. त्याला काय ठाऊक कुणाचा रंग कुठवर? जाऊन सांगायचं होतंत, बाबा रे, इथून पुढे निळा मार. रंगवलाही असता बिचाऱ्याने.

क्वामिना : सांगायला जायचं? आम्ही? वरची आळी कठड्याला टेकून दात काढत होती, मान्सा. मी आपल्या हाताने फीफीला डबा दिला. होडीचा उरलेला निळा. म्हटलं, जा, आपल्यापुढचा तेवढा रंगवून ये.

मान्सा : डबा तू दिलास?

क्वामिना : मी दिला.

मान्सा : मला वाटलं पोरांनी ठरवलं. अरे देवा. त्याला एकट्याला धाडलंस, हातात नुसता ब्रश देऊन?

क्वामिना : म्हणून तर कोयता मी उचलणार. सरक बाजूला.

आबेकू : घरात कोण आहे? येऊ का आत?

क्वामिना : आबेकू, तिथेच थांब. अंगणात पाय टाकलास तर तो पाय इथेच राहील.

मान्सा : दादा आहे माझा. फीफीचा मामा. येऊ दे त्याला.

क्वामिना : लाल दलाचा म्होरक्या आहे तो!

मान्सा : असेल. पण पोराचं मढं आईच्या घराण्याचं. उचलायचं मामाने, पुरायचं मामाने. दादा आला नाही तर फीफीला हात कोण लावणार? तू? तुला तो हक्क नाही, क्वामिना.

क्वामिना : वा! दल माझं, मार माझ्या वाट्याचा, आणि मढं तुमचं!

मान्सा : ये दादा. कापड आणलंस?

आबेकू : नाही आणलं.

मान्सा : दुकानं बंद आहेत का?

आबेकू : उघडी आहेत. पोलीस आलेत, किनाऱ्यावर बाकांवर बसून मासे नि मक्याची केंकी खातायत. दुकानं उघडी आहेत, मान्सा. मीच गेलो नाही. मामाने आणायचं असतं ते कापड. मला वाटलं, मी आणू नये.

मान्सा : का?

आबेकू : तू जरा बस खाली.

मान्सा : मी बसणार नाही. बोल.

आबेकू : सकाळी गर्दी झाली. आरडाओरडा. माझ्या हातात वल्हं होतं. पुढ्यात एक निळा सदरा दिसला, वाकून कठडा रंगवणारा. मी पाठीत एक घातला. तो पालथा पडला. तोंड खाली. केसांत सगळा निळा रंग सांडला होता.

क्वामिना : मान्सा, हा काय बोलतोय?

आबेकू : मी त्याच्या अंगाकडे बघितलं. आपण बघतो तसं. वाळूचा कण नव्हता अंगावर. पडलाय हे दिसत होतं रे, पण वाळू नव्हती. आणि हात वर गेला माझा. सवयीने गेला. दुसरा डोक्यात बसला. मग कुणीतरी त्याला उलटा केला, तेव्हा तोंड दिसलं.

क्वामिना : तू! तू मारलास! तुझ्या मांडीवर वाढला तो! तुझी होडी, तुझं घर, सगळं भाचा म्हणून त्यालाच जाणार होतं! तुझा वारस होता रे तो, हरामखोरा!

आबेकू : माझा वारस होता.

क्वामिना : मान खाली घाल! खाली घाल मान!

आबेकू : घातली. मार. त्यासाठीच आलोय मी. वल्हं घरी ठेवून आलोय.

मान्सा : क्वामिना!

क्वामिना : सोड कोयता! सोड, मान्सा, पातं धरलंयस तू!

मान्सा : ठाऊक आहे काय धरलंय ते. ओढ. ओढ की! बोटं जातील माझी, जाऊ देत.

क्वामिना : रक्त येतंय, सोड ना गं! मला याला मारू दे!

मान्सा : मारलंस तर काय होईल? संध्याकाळपर्यंत लाल दल ढोल वाजवत येईल. याला झेंड्यात गुंडाळतील, खांद्यावर नाचवतील, मर्द होता म्हणतील. दारू वाटतील त्याच्या नावाने. आणि माझा फीफी? कुणी विचारणारसुद्धा नाही कशाने मेला. दोन्ही आळ्यांत याचीच गाणी होतील. मला नको ते. मला हा जिवंत हवाय.

आबेकू : मान्सा, मला नाही जगवणार.

मान्सा : तुला विचारलं नाही मी. मरायला आलास माझ्या दारात, माझ्या नवऱ्याच्या हातून? म्हणजे तू सुटलास, तो तुरुंगात, आणि मी दोन मढी घेऊन बसू? इतकी स्वस्त आहे का रे मी?

आबेकू : मग काय करू सांग. तू सांगशील ते.

मान्सा : जा. कापड आण. चांगलं आण, तुझ्यासाठी घेतलं असतंस तसलं. न्हाऊ घाल त्याला. केसांतला तो रंग तू काढ, तुझ्या बोटांनी. मग इथे अंगणात उशाशी बस, मामा बसतो तसा. माणसं येतील. आधी पाणी द्यायचं, मग काय घडलं ते सांगायचं, आपली रीत आहे. घराण्याचा कर्ता सांगतो. तूच कर्ता. येईल त्या प्रत्येकाला सांग.

आबेकू : प्रत्येकाला?

मान्सा : लाल, निळा, जो येईल त्याला. शेजारीण आली तरी. पोलीस आले तरी त्यांना इथेच सांग, मग त्यांच्याबरोबर जा.

क्वामिना : आणि मी? मी काय करू?

मान्सा : तू हा हात बांध माझा. आणि बस. ऐक.

(दुपार कलली आहे. अंगण दोन्ही आळ्यांच्या माणसांनी भरलं आहे. भिंतीपर्यंत लोक उभे आहेत.)

मान्सा : दादा, होड्यांकडच्या बायका आल्यात. पाणी दे.

आबेकू : घ्या. बसा, मावशी. पाणी घ्या. आमचा फीफी गेला. सकाळी किनाऱ्यावर गडबड झाली, त्यात…

मान्सा : तसं नाही.

आबेकू : मी मारला. माझा भाचा. तो पडला होता आणि मी त्याला पुन्हा मारला.

क्वामिना : मोठ्याने सांग. मागे उभ्या असलेल्यांना ऐकू येत नाही.