नोकरीवर पाणी

दाताच्या दवाखान्यात दाताखाली कापूस धरून बसलेल्या प्राध्यापकांना तास-दीड तास बोलायची बंदी होती. त्यामुळे आयुष्यात प्रथमच ते ऐकत होते. शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीचा नवरा नदीवरच्या छोट्या वीजघरात ऑपरेटर, दुसरीचा तिथलाच फिटर.

“वहिनी, भाऊजी आता दिवसभर घरीच का हो?” फिटरच्या बायकोने विचारलं.

“घरी कशाला? डबा घेऊन वीजघरात जातात की!”

“कुठल्या वीजघरात?”

“आपल्याच! सासऱ्यांनी तिथून पहिला दिवा लावला, तेव्हा लोक फुंकर मारून विझवायला बघत होते. घराण्यातली नोकरी आहे आमची.”

“अहो, वर मोठं धरण झालं, खाली नदी आटली. वीजघराला केव्हाच कुलूप लागलं. आमचे पिठाच्या कारखान्यात चिकटलेसुद्धा. भाऊजी काहीच बोलले नाहीत?”

“नाही. म्हणजे... एकदा दारातच म्हणाले, ‘आज नोकरीवर पाणी सोडलं.’ मी म्हटलं, रोजच सोडता, त्यात सांगायचं काय? हातपाय धुवा.”

“अगं बाई!”

“थांबा, फोनच लावते. हॅलो, अहो, कुठे आहात?”

“कुठे म्हणजे? कामावर.”

“मग मशीनचा आवाज ऐकवा बघू.”

तिने स्पीकर लावला. मग ‘घूंऽऽऽ’ असा भरदार आवाज खोलीभर घुमला.

“ऐकलंत? म्हणे कुलूप! चालू आहे चांगलं!”

फिटरची बायको काही बोलणार, एवढ्यात मशीनला ठसका लागला.