तीन कमानींचा बोळ

सरका जवळ. ऐका. आमच्या ठकूबाई सुइणीची गोष्ट.

वैशाख होता. जेवणं उरकलेली. तेवढ्यात वेशीबाहेरनं भागूचा सासरा धावत आला. "बाई, सुनेला कळा लागल्यात. मूल आडवं आलंय!" ठकूबाईनं कंदील उचलला. म्हातारा म्हणाला, "मोठ्या रस्त्यानं चला." पण तो वळसा केवढा! "तुम्ही या मागनं," म्हणाली, अन् एकटीच शिरली जुन्या पेठेतल्या बोळात.

बोळ तुम्ही दिवसा पाहिलाय. दोन्हीकडं दुमजली घरं, काळ्या दगडाची जोती, वर लाकडी सज्जे. अन् कमानी तीन. तिसरी ओलांडली की वेस. बरोबर?

पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. अन् पुढं? चौथी!

"मोजायला चुकले," ती पुटपुटली. तर पाचवी. सहावी! मागं बघते, मागंही कमानीच कमानी. वर बघते, तर दोन्हीकडचे सज्जे सरकतायत. सरकत सरकत मिटलेच! आभाळ गेलं. कंदील फडफडला अन् विझला.

अन् शेजारचं दार उघडलं. कर्रर्र. आत बाई कण्हतीय.

"मावशी गं... मी भागू. मरते गं मी..."

आता सांगा, सुईण ती. पाय थांबतील? धावली. दगडी चौकटीला उजवा हात टेकला... अन् गार! आडाच्या तळासारखा गार! अरे, वैशाखात तापलेला दगड गार कसा? ती मागं सरली, तर हात सुटेना. आतनं कुणीतरी बोटं धरलेली! "आई जगदंबे!" म्हणून हिसडा दिला, तेव्हा सुटला.

मग तिनं डोळे गच्च मिटले. डावा हात भिंतीला लावला. दगड गार लागला की मागं, गरम लागला की पुढं. पाठीमागनं रडणं चालूच. "टाकून चाललीस का गं?" ठकूबाईला वाटलं, खरीच भागू असली तर? तरी वळली नाही, बरं का.

तोंडावर मोकळा वारा आला. डोळे उघडले. वेस!

भागू घरीच होती. ठकूबाईनं मूल फिरवलं, पोरगी झाली, दोघी वाचल्या. पण सगळं डाव्या हातानं. उजवा त्या रात्रीपासनं गार पडला, तो मरेस्तोवर. मी धरून पाहिलाय. त्या हातानं ती पुन्हा कुठल्या बाळाला शिवली नाही.

म्हणून सांगतो, पोरांनो, वळसा पडू दे, पाय दुखू देत. दिवस मावळल्यावर त्या बोळात शिरायचं नाही. अन् आतनं कुणी ओळखीच्या आवाजात हाक मारली, तर ओ द्यायची नाही. तुमच्या आईनं मारली, तरी नाही.