मधली चाकोरी

कोपरगावच्या स्टँडवर श्रीरामपूरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची पुतणी उद्याच्या बैलगाडा शर्यतीचं बोलत होते.

“तात्या, मागच्या शर्यतीत पाखऱ्या का हरला?”

“चिठ्ठ्या टाकल्या तर कडंची चाकोरी आली. कडंला मानसं शिट्ट्या मारत्यात, बैल बुजतो.”

“आन् त्याच्या आधी?”

“तवा चाकोरी बरी हुती, पर धूळ बसाया टँकरनं लई पानी मारल्यालं. वल्या रानात हलका बैल पळतो. आपला अंगानं भारी.”

“चैतात तर रान कोरडं हुतं.”

“हुतं की. पर पाखऱ्या डाव्या अंगाला पळनारा. त्या दिशी उजवीकडं जुपावा लागला.”

“आण्णा म्हनत्यात, उद्या मागं राहिला तर बाजार दाखवायचा.”

“तुझा बाप मला बी तेच म्हनला.”

“उद्याची चिठ्ठी निघाली का?”

“निघाली. मधली चाकोरी आली.”

“आन् रान?”

“आत्ताच चालून बघितलं. कोरडं हाय, दाबून बसल्यालं हाय.”

“जोडीचा बैल?”

“उजवीकडचाच मिळाला. पाखऱ्या डावीकडं पळनार.”

“मग बरंच झालं की. तोंड पाडून का बसलाय?”

गाडी लागली. म्हातारा पिशवी घेऊन सावकाश उठला.

“उद्या मागं राहिला, तर तुझ्या बापाला सांगाया माझ्याकडं काय बी उरलं न्हाई.”