ओठावर अडलेली ओळ

मी मार्थाबाई, माहेर चारठाण्याकडलं, दिली इकडं पालमजवळ. आज्याच्या वक्तापासून आमी येशूचे लोक, पर गावात चारच घरं. पाळकसाब परभणीहून यष्टीनं दोन-तीन महिन्याला यायचे, प्रभुभोजनाची भाकर मोडायचे, आन मोडायच्या आदी इचारायचे, कुनाचं कुनाशी वाकडं हाय का, असंल तर आदी समेट करा, मंग हात पुढं करा.

तर काय सांगू तुमाला, त्या मोठ्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची. घरी माझी चिमी, सहा वर्साची, तापानं फणफणलेली. धाकट्या जावंला, रूतला, सांगून गेले, बाई टँकर आला की माझीबी घागर भर, पोरीला घोट घोट पाज. तिनं आपली घागर भरली, माझी इसरली. इसरलीच म्हनती ती. सांजच्याला आले तर लेकराचे ओठ वाळलेले, घागर कोरडी. तिसऱ्या दिवशी गेली हो चिमी.

पुढल्या प्रभुभोजनाला रूत सगळ्यांपुढं माझ्या पाया पडली, आक्का, माफ करा. पाळकसाब बघायले, सासू बघायली. मी म्हनले, केलं माफ. भाकर खाल्ली. लोक म्हनले, मार्थाचं काळीज लय मोठं. खोटं बोलले मी, देवापुढं खोटं बोलले, ती भाकर अजून नरड्यात हाय असं वाटतं.

येशूनं शिकवलं, भांडं नुसतं भाईरून घासू नका, आदी आतून घासा. मला सगळं ठावं. पर आइतवारी आमच्या येशूच्या देवळात सगळे मिळून प्रार्थना म्हनतो, तिच्यात ते येतं न्हवं, आमी दुसऱ्याला माफ केलं तसं तू आमाला कर, तिथं मी ओठ मिटायची. पाच वर्सं मिटले. वाटायचं, कुनाला कळत न्हाई.

औंदा रूत ऊसतोडीहून आली ती आंथरुणालाच लागली, खोकून खोकून पार चिपाड झाली. सासू म्हनली, जा, तिच्यापाशी प्रार्थना कर. गेले, डोळे झाकले, म्हनत गेले, आन त्या ओळीला थांबले. तर ती हळूच म्हनती, ऱ्हाऊ द्या आक्का, मी देवळात तुमच्याच बाजूला बसते, मला ठावं हाय. पाच वर्सं ठावं, तरी दर आइतवारी माझ्याच बाजूला बसली.

आता रोज माझ्या हातानं तिला पानी पाजते, घोट घोट. पाजताना चिमी आठवती, राग येतोच, कशाला खोटं बोलू. ती ओळ ओठापर्यंत येती आन अडती. रूत हाय तवर निघावी, एवढंच मागनं हाय. तुमी लिहून घ्यायलात, देव तुमचं काळीज हलकं ठेवो, माझ्यासारखं न्हाई.