हणमंतरावांचा बांबू

मंडळी, टाळ जरा थांबवा. एक प्रश्न विचारतो! जो माणूस झाडाला रोज न चुकता पाणी घालतो, शेणखत घालतो, पानांवरची धूळसुद्धा धुऊन काढतो — तो प्रेमळ म्हणायचा की नाही? काय? होय म्हणता? एवढी घाई करू नका! आधी ऐका.

साताऱ्याच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी शेजारी शेजारी दोन घरं. एकात थोरले सर्जेराव शिर्के, दुसऱ्यात धाकटे हणमंतराव. सख्खे भाऊ! मधे कमरेएवढी भिंत. तिच्यावरून इकडचा चहा तिकडे जायचा, तिकडचं वर्तमानपत्र इकडे यायचं. अशात सर्जेरावांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका आली. हणमंतरावांनी चष्मा लावला, नावांवरून बोट फिरवलं — आणि बोट थांबलं! आपलं नाव नवरीच्या मामाच्या खाली? झालं! मंडळी, बांधावरून भावाभावांत भांडणं होतात, ठाऊक आहे. इथे बांध केवढा? दोन ओळींमधली मोकळी जागा!

बायकोला, मालनताईंना, ते गरजले, "आजपासून या घरात त्या घराचं नाव काढायचं नाही! तोंडसुद्धा दिसायला नको!"

आता तोंड दिसू नये म्हणून काय करावं? भिंत वाढवली तर लोक नावं ठेवतील. झाड लावलं तर काय म्हणतील? वा, निसर्गप्रेमी! हणमंतराव तडक रोपवाटिकेत गेले. "बांबू दे. पलीकडचं काही दिसता कामा नये!"

"बेटात राहणारा देऊ, की पसरणारा?"

"भराभर वाढेल तो दे!"

"तो पसरणारा. पण मुळ्या जमिनीखालून पळतात हां, साहेब. कडेनं चर मारून पत्रा पुरा."

"पळू दे की! कुठे पळतील? त्याच्याच अंगणात ना?"

ऐकलंत? हे आमचे निसर्गप्रेमी!

पण सेवा मात्र मनापासून! सकाळी उठून आंघोळीआधी पाणी. बुंध्याशी पालापाचोळ्याची गादी. वाळलेली काठी कापायची, वाकलेली बांधायची. सख्ख्या भावाची एवढी विचारपूस केली असती, तर सर्जेरावांचं आयुष्य वाढलं असतं! दोन-तीन पावसाळ्यांत पिवळाधमक पडदा उभा राहिला. पलीकडचं घर गायब! हणमंतराव खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "आहाहा! काय शांतता!"

मग एका पावसाळ्यात काठीनं पानं बाजूला सारून त्यांनी हळूच डोकावलं. दिसायला नको होतं ना? मग डोकावले कशाला? ते त्यांनाच विचारा! बघतात तर भावाच्या अंगणात कोंबच कोंब. फरशी उचललेली! हणमंतरावांना गुदगुल्या झाल्या. "आता येतोय बघ भांडायला!" मनात उत्तरं जुळवली, छाती काढून फाटकाशी उभे राहिले.

कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. जुळवलेली उत्तरं शिळी झाली! हणमंतरावांना जेवण जाईना. "अगं, दादा एवढा तापट माणूस. ओरडत कसा नाही?"

मालनताई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ओरडतील कसे? पाय मोडून पडलेत. न्हाणीत घसरले. मी रोज डबा नेते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्या घराचं नाव काढायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?"

मंडळी, हणमंतराव तसेच उठले. पायात चप्पल नाही! बांबूतून घुसायला गेले, तर बांबू वाट देईना. इतका दाट कुणी वाढवला होता? गाल खरचटला, सदरा फाटला. शेवटी मुकाट्यानं फाटकातून गेले.

दारात वहिनी. वर-खाली बघून म्हणाल्या, "या भाऊजी. तुमचा बांबू तुमच्या आधी पोचला."

सर्जेराव खाटेवर, पाय प्लॅस्टरमध्ये. हणमंतराव खाटेच्या पायाशी उभे राहिले. कसंबसं म्हणाले, "दादा, ते कोंब... उद्या उपटून टाकतो."

"हीच उपटणार होती. मीच नको म्हटलं." सर्जेरावांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. "तुझ्याकडून तेवढंच काहीतरी येत होतं, हणमंता."

हणमंतराव मटकन खाली बसले आणि भावाच्या प्लॅस्टरवर डोकं टेकून रडले. सर्जेराव ओरडले, "अरे, दुखतंय!" — कित्येक दिवसांनी ओरडले बरं का!

मग चर खणला, पत्रा पुरला. खणणारे हणमंतराव, खाटेवरून हुकूम सोडणारे सर्जेराव. "सरळ खण!" "सरळच आहे!" "कुठे सरळ?" गल्लीभर आवाज! आणि मधल्या काठ्या तोडून, भिंतीचे चार दगड काढून माणूस जाईल एवढी वाट केली.

तर आता सांगा, झाडाला पाणी घालणारा तो प्रेमळ का? अहो, पाणी कुणीही घालतं! कशासाठी घालतोस, ते देव बघतो.

हसलात? हसा! पण याच मंडपात दोन सख्खे भाऊ दोन टोकांना बसलेत. नावं घेत नाही. माना खाली घालू नका, मला दिसतंय! आरतीचं तबक इथे माझ्याजवळ आहे. तुम्ही दोघं उठून एका सतरंजीवर आलात, की मगच मी त्यातलं निरांजन पेटवणार.

बसलोय मी. मला घाई नाही!